बर्फातली सासूबाई

मोठ्या बाईंच्या कारखान्यात सासवा दोन. एक त्या स्वतः, दुसरी काचेची.

काचेची सासू म्हणजे हातभर लांबीचा एक जुना थर्मामीटर. पोटात पारा, पाठ दुधी रंगाची, शून्याच्या खालपासून शंभराच्या वरपर्यंत बारीक रेघा. धंदा सुरू केला तेव्हा बाईंच्या सासऱ्यांनी असे दोन समुद्रापलीकडून मागवले होते, त्यातला हा उरलेला. थर्मामीटरला त्या कारखान्यात सगळे नुसतं नळी म्हणत. बाहेर जाणारी प्रत्येक नळी आधी गरम पाण्याच्या टाकीत या जुन्या थर्मामीटरच्या शेजारी उभी राहायची. दोघींचा आकडा जुळला तर नळी पेटीत, नाही जुळला तर भंगारात. "नवी सून सासूच्या हो ला हो म्हणाली तर नांदेल, नाहीतर जाईल परत," असं बाई कधीतरी बोलून गेल्या आणि जुन्या काचेला नाव पडलं ते पडलंच. सकाळी टाकी तापली की पॅकिंगच्या बायका ओरडायच्या, "सासूबाईंचं पाणी काढलंय हो!"

आता सुनांना सासूबाई तपासणार, पण सासूबाईला कोण तपासणार? कोणी नाही. सासूला कोणी विचारतं का, तुम्ही बरोबर की चूक? आणि बर्फात तर तिला घालायचंच नाही, असा घरचा दंडक होता. हिच्या जोडीनं आलेली दुसरी काच कोणा शहाण्यानं गरम टाकीतून काढून तशीच बर्फात खुपसली होती आणि ती जागीच तडकली. तेव्हापासून त्या खोलीत बर्फाचं नाव काढलेलं चालत नसे.

परदेशचा सगळा व्यवहार बाईंचा धाकटा भाऊ बघायचा. कारखान्यात त्याला मामा म्हणत. आई गेली तेव्हा तो रांगत होता. बाईंनी त्याला कडेवर वाढवला आणि लग्न होऊन आल्या तेव्हा सासरीही कडेवरच आणला, असं जावा टोमणे मारायच्या. पुढे त्याला धंद्यात घ्यायचं ठरलं तेव्हा सगळं सासर एका बाजूला आणि बाई एका बाजूला. माहेरचं माणूस तिजोरीजवळ नको, असं दीर म्हणाले. बाई म्हणाल्या, "तो चुकला तर माझं नाक कापा." नाक तसं लांब होतं, कापायला सोपं. पण कापायची वेळ कधी आली नाही. भाऊ हुशार निघाला. परक्या भाषा शिकला, बंदरावरचे साहेब ओळखीचे केले. बाईंना आकडे फाडफाड वाचता यायचे, अक्षरांशी मात्र झटापट करावी लागे, म्हणून भाऊ जे वाचून दाखवेल तेच वाचलेलं.

गेल्या वर्षी त्यानंच नवी टूम काढली.

"ताई, काच फुंकत बसायचे दिवस गेले. तिकडे तयार नळ्या मिळतात, रेघा-आकडे छापलेल्या. तिकडून आणू, आपला शिक्का मारू, पुढे दूधवाल्यांना पाठवू. एका देशाकडून घ्यायचं, दुसऱ्या देशाला द्यायचं, मध्ये आपण."

"मध्ये आपण म्हणजे दलाल," बाई म्हणाल्या.

"दलाल कसले? पास कोण करणार? तूच ना?"

बाई खुलल्या. त्यांना खुलवायचं कसं हे भावाला पाळण्यातून माहीत. तरी त्यांनी अट घातली, की प्रत्येक नळी सासूबाईसमोर उभी राहील, ती हो म्हणेल तीच जाईल.

"अगदी!" भाऊ म्हणाला. "उलट सासूबाईंनाच एकदा तिकडे नेऊन आणतो. मधल्या रेघांचा रंग पुसलाय, तुझे डोळे ताणतात. भरून आणतो."

सासूबाई गेल्या आणि आल्या. काळ्याभोर रेघा, चकचकीत काच. पॅकिंगच्या बायका म्हणाल्या, "अगं बाई, सासूबाई परदेशी जाऊन तरण्याताठ्या होऊन आल्या की!" बाईसुद्धा तोंडावर हात ठेवून हसल्या.

त्यानंतर माल दणक्यात सुरू झाला. दुधाच्या नळ्या तीस अंशांपासून सुरू होतात. दूध तापवण्यापुरता आकडा लागतो, शून्याशी त्यांना काही देणंघेणं नसतं. पोटात लाल रंग, पारा नाही, कारण पाऱ्याची नळी फुटली तर सगळं दूध वाया. पेट्यांमागून पेट्या गेल्या. आणि मग एक पेटी परत आली.

पाठोपाठ माल घेणाऱ्या परदेशी दूधसंघाचा फोन. दूध नासतंय. तुमच्या नळ्या जास्त आकडा दाखवतात, आमचे लोक दूध तापलं समजून उतरवतात आणि ते तापलेलं नसतं. भावानं हे सांगितलं तेव्हा बाई पेटल्या. परत आलेल्या नळ्या त्यांनी एकेक करून स्वतःच्या हातानं सासूबाईशेजारी टाकीत धरल्या. केसाचा फरक नाही. सगळ्या एका सुरात हो ला हो.

"सांग त्यांना," बाई म्हणाल्या, "म्हशी बदला म्हणावं."

म्हशी बदलल्या नाहीत. त्याऐवजी दूधसंघाची खरेदी बघणारी बाई स्वतः विमानात बसून आली. उंच, आखूड केसांची, गोठ्यात जाण्याचे जाड बूट घालूनच आलेली. चहाला नको म्हणाली. पिशवीतून फडक्यात गुंडाळलेली तिची स्वतःची खात्रीची नळी काढली आणि टाकीकडे बोट केलं.

टाकीभोवती सगळे जमले. मोठ्या बाई, भाऊ दुभाषा म्हणून, बाईंची सून, आणि काम सोडून आलेल्या पॅकिंगच्या बायका. मुलगा माल पोचवायला गावोगाव हिंडत असे, तेव्हा इथलं कपाटाकिल्ल्यांचं काम सुनेकडे. सुनेचं आणि बाईंचं कसं होतं म्हणाल, तर दोन विळे एका खुंटीला. दिवसभर खणखणाट, पण कामाला दोन्ही धारदार.

पाहुणीनं तिची नळी सासूबाईशेजारी पाण्यात सोडली. सगळ्यांनी माना पुढे काढल्या. पाहुणीच्या नळीचा आकडा दोन अंश खाली थांबला.

"बघा!" बाई म्हणाल्या. "हिचीच चुकलेली. आणि नाव आमचं."

पाहुणी काही चिडली नाही. तिनं कोपऱ्यातल्या फ्रीजकडे हात केला आणि एक-दोन शब्द बोलली.

भावानं घसा खाकरला. "ती म्हणते, तुमचा हा थर्मामीटर म्हातारा झालाय. असली अडगळ आमच्याकडे कोणी ठेवत नाही. कचऱ्यात टाका म्हणते."

बाईंच्या कानशिलांत रक्त चढलं. इतक्यात सून बोलली. ऑर्डरींचे फोन घेता घेता ती भाषा तिला मोडकीतोडकी येऊ लागली होती.

"मामा, ती एवढं कुठं बोलली? ती नुसतं बर्फ म्हणाली. बर्फात घालून बघा म्हणाली."

"तुला दोन शब्द आले म्हणून पंडित झालीस का?" बाई तिच्यावर उसळल्या. "तो वीस वर्षं बोलतोय ती भाषा. आणि बर्फात? या घरात? त्यापेक्षा मीच जाऊन बसते बर्फात!"

"तुम्ही बसाल, आई. बर्फच वितळेल," सून म्हणाली. दोघीतिघी बायका पदराआड हसल्या.

भाऊ हसून म्हणाला, पाहुण्यांना आधी जेवायला नेतो, भुकेल्या पोटी भांडण वाढतं. तो तिला घेऊन गेला, बायका डबे सोडायला अंगणात गेल्या, सूनही गेली.

बाई एकट्या राहिल्या टाकीपाशी.

पाहुणीची नळी तिथंच पाण्यात होती. तिचा लाल धागा खाली, सासूबाईचा पारा वर. बाई बघत राहिल्या. एक बाई समुद्र ओलांडून आली, चहा घेतला नाही, भांडली नाही, नुसता एक शब्द बोलली. खोटं माणूस इतकं थोडं बोलत नाही, हे बाईंना चांगलं ठाऊक होतं. त्यांनी दाराला आतून कडी घातली.

सासूबाईला त्यांनी पाण्यातून काढून टांगून ठेवलं, निवू दिलं. गरम काच गारठ्यात घातली की तडकते, निवलेली तडकत नाही, एवढं तर कोणालाही कळतं. दंडक घालणाऱ्या सासऱ्यांनाही कळत असणार. पण दंडक असा असतो की एकदा घातला की कोणी डोकं चालवत नाही. फ्रीजमधला बर्फ काढून बाईंनी बत्त्यानं ठेचला, पातेल्यात भरला, वर थोडं पाणी ओतलं आणि हात जोडावेत तसं करून काच आत खोचली.

पारा उतरत गेला. उतरता उतरता मध्येच थांबला. बाईंनी चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. बर्फाला दुसरा आकडा माहीत नाही. बर्फ म्हणजे शून्य, सगळ्या जगात शून्य. आणि सासूबाई सांगत होती, दोन.

वय झालं असेल, हे त्यांच्या मनात आधी आलं. काच म्हातारी झाली की पारा केसभर वर सरकतो, सासरे सांगायचे. पण केसभर म्हणजे केसभर. दोन अंश म्हणजे वेणी झाली. त्यांनी काच बाहेर काढून पाठ उजेडाकडे केली. साठ अंशांच्या रेघेमागे, दुधी रंगात, मोहरीएवढा एक बुडबुडा होता सासूबाईच्या पाठीला. लग्न होऊन आल्यापासून बाईंनी तो बघितला होता. तीळ असावा तसा.

पाठ कोरी होती.

बाई स्टुलावर बसल्या. वर्षभर त्यांनी हिच्या तोंडाकडे बघून हो म्हटलं, नाही म्हटलं, पण रेघा काळ्याभोर झाल्या त्या कौतुकात एकदासुद्धा पाठ फिरवून बघितली नव्हती.

मग प्रश्न आला, बदलली कोणी? एक उत्तर उंबऱ्यापर्यंत आलं. बाईंनी त्याला हाड म्हणून हाकललं. ते परत आलं, परत हाकललं. माणूस आपल्या रक्ताला वाचवायला काय काय करतं! रात्री सासूबाईला ज्या कपाटात ठेवत, त्याची किल्ली कोणाकडे? सुनेकडे. झालं तर. बाहेरून आलेली. तोंडाळ. हातून फुटली असेल आणि तोंड लपवायला दुसरी आणून टांगली असेल. हे उत्तर बाईंना पटलं, कारण पटवून घ्यायचंच होतं.

सगळे जेवून परतले. बाईंनी दार उघडलं आणि कोणाला बसूही न देता सुनेसमोर ती काच धरली.

"ही सासूबाई नाही. खरी कुठे फोडलीस?"

टाकीतली आपली नळी काढून पुसता पुसता पाहुणी एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघू लागली.

सून आधी पांढरी पडली, मग लाल. "मी?"

"किल्ली तुझ्याकडे. कपाट तू उघडतेस, तू लावतेस. एवढ्या लोकांचं दूध नासलं. माझा शिक्का नासला. आणि तू रोज माझ्यासमोर उभी राहून मला उलट उत्तरं देत होतीस!"

"म्हणून तर सांगते," सून म्हणाली. मान ताठ. "मी फोडली असती तर तुकडे आणून तुमच्या पुढ्यात ठेवले असते. तुमच्या शिव्यांना मी कधी घाबरले, आई? दोन शिव्या खाल्ल्या असत्या, चार दिल्या असत्या, मिटलं असतं. लपवायला मी काय तुमची लाडकी आहे?"

तेवढ्यात भाऊ पुढे आला. त्यानं बाईंच्या खांद्यावर हात ठेवला.

"जाऊ दे ताई. पोर आहे. हातून सुटली असेल, घाबरून दुसरी आणून लावली असेल. होतं माणसाकडून. माझ्याकडे बघ आणि माफ कर तिला. मी नवी मागवतो."

केवढा मऊ आवाज! खांद्यावरचा तो हात बाईंना ओळखीचा होता, आवाज त्याहून ओळखीचा.

लहानपणी गल्लीत कुठं काही फुटलं, कोणाचं काही हरवलं, की भाऊ कोणातरी दुसऱ्या पोराचा हात धरून यायचा. "ताई, याला मारू नकोस गं. चुकून झालं याच्याकडून." बाई त्या पोराला दोन धपाटे द्यायच्या आणि भावाला जवळ घ्यायच्या, किती मोठं मन माझ्या सोन्याचं! मग संध्याकाळी त्याच्याच खिशात ती हरवलेली वस्तू सापडायची. बाई हसायच्या. लबाड आहे लेकाचा, म्हणायच्या. दुसऱ्यासाठी माफी तो फक्त एकाच वेळी मागायचा.

बाईंनी खांद्यावरचा हात काढला. फेकला नाही, काढून खाली ठेवला.

"सासूबाई कुठे आहे?"

"कोणती?"

"खरी."

"ताई, मला काय माहीत? हिला विचार—"

"तुला विचारतेय. ती तिकडून आलीच नाही ना?"

भावानं पाहुणीकडे बघून हसल्यासारखं केलं. "आतल्या खोलीत बोलू."

"इथंच बोल. हिच्यावर आळ मी इथंच घेतला."

भावानं बोलायला सुरुवात केली आणि एकदा सुरू झाल्यावर त्याला थांबावंसं वाटलं नसावं. तिकडच्या कारखान्याचा एक मोठा ढीग बिघडला होता. आकडे सगळे दोन अंश चुकवून छापले गेले होते. ते लोक फेकून देणार होते.

"आणि तू उचललास."

"फुकटात मिळत होता, ताई."

"आणि माझ्या टाकीत पास कसा होणार, म्हणून तशीच चुकलेली सासू करून घेतलीस."

"त्यांनीच करून दिली."

"आणि आपली?"

"त्यांना हवी होती. तितकी बिनचूक त्यांच्याकडे नव्हती. आता त्यांचा माल तिच्यावर लावतात. एकदम खरा उतरतो." हे सांगताना त्याच्या आवाजात नकळत कौतुक आलं, आणि तेच बाईंना कुठंतरी खोल लागलं. "तिच्या बदल्यात त्यांनी मला भागीदार केलं."

"भागीदार."

"मग? इथं मी कोण आहे?" भाऊ एकदम चढ्या आवाजात बोलला. "पाटीवर नाव तुझ्या सासऱ्याचं. खुर्ची तुझी, तुझ्यामागे तुझ्या मुलाची. मी कोण? बाईंचा भाऊ. केस पिकले तरी बाईंचा भाऊ! पोस्टमनसुद्धा मला तसंच हाक मारतो."

"मागितलं असतंस तर?"

"दिलं असतंस?"

दिलं असतं की नसतं, बाईंना खरंच माहीत नव्हतं. आणि ते कळायची वेळही आता गेली होती.

"तिजोरी नेली असतीस," त्या म्हणाल्या, "तर मी म्हटलं असतं, चोर आहे, पण आपला आहे. झाकलंही असतं. तू माझ्या डोळ्यांत खोट्या रेघा घातल्यास. मी रोज सकाळी उठून माझ्या हातानं लोकांचं दूध नासवलं, आणि तू समोर बसून चहा प्यायलास. तेही गिळलं असतं एखादवेळ. पण आत्ता..." त्यांना दम लागला. "आत्ता तू हिला माफ कर म्हणालास."

भाऊ खाली बघत होता.

"पाहुणीला सांगायला हवं," थोड्या वेळानं बाई म्हणाल्या. सवयीनं त्यांची मान भावाकडे वळली. वीस वर्षांची सवय ती. तोही सवयीनं घसा खाकरून तयार झाला. मग दोघांच्याही लक्षात आलं. बाईंनी मान फिरवली.

"तू सांग," त्या सुनेला म्हणाल्या.

"मला नीट नाही येत, आई. व्याकरण—"

"नळीला व्याकरण लागत नाही. सांग की आमच्या मापात खोट आहे. वर्षभरात गेलेली एकूण एक पेटी खोटी आहे. सगळी परत घेऊ. आणि त्याच्याआधी सांग की मी हिच्यावर, म्हणजे तुझ्यावर, आळ घेतला तो खोटा होता."

"ते कशाला तिला? मी मालाचं सांगते."

"मी म्हणते तेवढं सगळं सांगायचं. शब्द खायचा नाही. या घरात पुष्कळ खाल्ले गेले."

सून पाहुणीकडे वळली. अडखळत बोलू लागली. मध्येच एका ठिकाणी थांबली, स्वतःच्या छातीवर हात ठेवून पुढचा शब्द शोधला. बाईंना कळलं, ते तेच वाक्य आहे. पाहुणीनं ऐकताना एकदा बाईंकडे बघितलं. कीव नव्हती त्या बघण्यात. असती तर बाईंनी सोसली नसती.

पाहुणी मोजकंच बोलली.

"ती म्हणते, पुढं व्यवहार ठेवायचा की नाही हे तिच्या माणसांना विचारून कळवेल. आत्ता फोन करून सगळ्या नळ्या वापरणं बंद करायला सांगते." सून थांबली. "आणि म्हणते, उरलेला माल तपासायचा असेल तर तिची नळी संध्याकाळपर्यंत इथं ठेवून जाईल."

परक्याच्या मापावर आपला माल! मोठ्या बाईंच्या दारात आजवर कोणी असं बोलायला धजलं नसतं. बाईंनी पाहुणीपुढे हात पसरला आणि नळी घेतली.

पाहुणी फोनसाठी बाहेर गेली. बायका हळूहळू पेट्यांकडे सरकल्या. भाऊ दाराच्या चौकटीला टेकून उभा होता, लहानपणी मार खाण्याआधी उभा राहायचा तसा. पण आज मारायला कोणी येईना.

"ताई," तो म्हणाला, "मी आता कुठे जाऊ?"

"तिला जिथं ठेवलंस तिथं. तिच्या शेजारी उभा राहा. बघ पास करते का."

बाईंनी पाठ केली, टाकी पेटवली आणि पाहुणीची नळी पाण्यात टांगली. सुनेनं पहिली पेटी फोडली.

"धर."

"दोन वर, आई."

"दुसरी."

"दोन वर."

"पुढची."

"आई, सगळ्या एकाच ढिगातल्या आहेत. सगळ्या तशाच असणार."

"माहीत आहे मला. पुढची घे."

मागं दार लागलं. जोरात नाही, हलक्यानं, जसं तो नेहमी लावायचा. बाई पाण्यात वाकून बघत राहिल्या. रेघा एकमेकींत मिसळल्या होत्या, एकही आकडा नीट दिसत नव्हता.

"तूच वाच," त्या सुनेला म्हणाल्या. "वाफ फार आहे."

पाण्याला अजून वाफ धरलेली नव्हती. सुनेनं ते बघितलं आणि आयुष्यात पहिल्यांदा उलट उत्तर दिलं नाही. ती वाचत गेली.